सूर्य मावळेपर्यंत आईजवळ जायचं नाही



उन्हाळी वाळवणांवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं होतं, "ताई, शाळा, घर, मंदिर, सगळं सांभाळून हे करता. चिडचिड होत नाही का हो?"

होते. खूप होते. आज त्याबद्दलच लिहिते. लिहायला जरा लाज वाटते, पण लिहिते.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी जिंतूरपासून चौदा किलोमीटरवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पाच वाजता शाळा सुटते. स्कूटीवरून घरी पोचायला पाच वीस होतात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे हातात उरतात पंचवीस मिनिटं. तेवढ्यात हातपाय धुवायचे, भाकऱ्या थापायच्या, भाजी फोडणीला टाकायची आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उरकायची. आमच्या घरात रात्री जेवत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही तो नियम मोडलेला नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी तव्यावर भाकरी होती, शेजारी दूध वर येत होतं, मोबाईल वाजत होता. चिऊ, माझी लेक, दुसरीत आहे. ती वही घेऊन आली. "आई, बघ ना." मी म्हटलं, "थांब." ती पुन्हा म्हणाली, "एकदाच बघ ना." तेवढ्यात दूध उतू गेलं आणि माझा हात उठला. तिच्या गालावर ज्वारीच्या पिठाची चार बोटं उमटली. ती रडलीसुद्धा नाही. वही मिटली आणि बाहेर गेली. आम्ही सगळे सूर्यास्ताच्या आत जेवलो.

मग चार दिवसांनी, अशाच एका संध्याकाळी, धाकटा चाक निखळलेली गाडी घेऊन स्वयंपाकघराकडे येत होता. चिऊने त्याला दारातच धरलं आणि हळूच म्हणाली, "आत्ता नाही जायचं. सूर्य मावळेपर्यंत आईजवळ जायचं नाही. मग ती चांगली होते."

मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही.

मैत्रिणींनो, पाणी दुहेरी कापडातून गाळून घेणारी मी. ओट्यावर मुंगी दिसली तर तिला मऊ झाडणीने अलगद बाजूला करणारी मी. आणि माझ्याच लेकरांनी माझ्यापासून जीव वाचवायला वेळ ठरवून घेतली होती. रात्रीच्या जेवणाचा नियम मी हिंसा टाळण्यासाठीच पाळत होते ना? मग तो पाळताना घरात रोज संध्याकाळी जे होत होतं, त्याला काय म्हणायचं? आपल्याकडे द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असे दोन शब्द आहेत. पाठशाळेत दोन्ही पाठ केले होते. दुसऱ्याचा अर्थ त्या रात्री कळला.

मग मी काय केलं, तर सगळे करतात तेच. मोबाईलवर ताण कमी करण्याचे उपाय शोधले. पहाटे साडेचारला उठा, बदाम भिजत घाला, रोज तासभर चाला, काढा करा, डायरी लिहा, केसांना तेल लावून मालिश करा. वाचून झालं तेव्हा माझ्या कामांच्या यादीत अजून अकरा कामं वाढली होती. त्यातलं वाईट काहीच नव्हतं. पण भरलेल्या पोत्यात अजून दाणे कोंबायचे कसे?

या वर्षभरात मला जे उपयोगी पडलं ते इथे सांगते. त्यातलं नवीन फारसं काही नाही. बरंचसं आपल्या घरात, आपल्या धर्मात आधीपासूनच होतं. मी मात्र त्याचंही काम करून टाकलं होतं.

आधी रक्त तपासून घ्या

हे पहिलं लिहिते, कारण मी शेवटी केलं. "बाईच्या जातीला थकवा असायचाच" असं म्हणत वर्ष काढलं. जिने चढताना धाप, सकाळी उठल्यावरच दमल्यासारखं, लहान गोष्टीवर डोकं तडकणं, हा सगळा मी स्वभाव समजत होते. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघालं. बायकांचं ते किमान १२ तरी हवं. अंगात रक्त नसताना मी स्वतःला शांतीचे धडे देत होते.

आपण शाकाहारी आहोत, तेव्हा लोहाबरोबर बी-१२ सुद्धा एकदा तपासून घ्या. दूध, दही, ताक यांतून ते मिळतं, पण घरातल्या बाईच्या वाटीत दही शेवटी उरलं तरच पडतं, हे तुम्हालाही माहीत आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी तीन महिने घेतल्या. जेवणात हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, वर लिंबू, आणि जेवणानंतर लगेच घ्यायचा चहा बंद. लिंबामुळे लोह अंगी लागतं आणि चहामुळे ते अडतं. निम्मी चिडचिड तिथेच उतरली. थायरॉईडचंही असंच असतं. नैसर्गिक उपाय नक्की करा, पण आजार असेल तर आजाराला औषधच लागतं.

डोक्यातलं कागदावर

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, नवव्या अध्यायात, आर्तध्यानाचे चार प्रकार दिले आहेत. नको ते वाट्याला आलं म्हणून होणारी तळमळ, हवं ते दुरावलं म्हणून होणारी तळमळ, दुखण्याची तळमळ, आणि पुढे हे मिळावं, ते मिळावं म्हणून होणारी तळमळ. दशलक्षण पर्वात हे दर वर्षी ऐकते. ऐकते आणि पुढे जाते.

या वेळी मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे चार रकाने आखले. आठ दिवस, रात्री झोपताना, दिवसभरात ज्या ज्या गोष्टीने छातीत धडधडलं ती एका ओळीत त्या त्या रकान्यात लिहिली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, ते दुखण्याच्या रकान्यात. शाळेची माहिती आजच्या आज पाठवा असा मेसेज, तो नको त्या वाट्याच्या रकान्यात. असं करत आठवडा झाला, आणि मला नवल वाटलं. चौथा रकाना ओसंडून वाहत होता. चिऊचं अक्षर सुधारायला हवं. पुढच्या वर्षी बदली जवळ मिळायला हवी. जावेच्या घरासारखं आपलं घर नीटनेटकं दिसायला हवं. यातलं एकही काम त्या दिवशीचं नव्हतं. हात भाकरीवर आणि जीव पुढच्या वर्षात, असं माझं चाललं होतं.

लिहिल्याने कामं कमी झाली नाहीत. पण आज दमणूक कामाने झाली की विचाराने, हे ओळखू येऊ लागलं. कामाची दमणूक झोपल्यावर जाते. दुसरी झोपूच देत नाही.

नऊ णमोकार, सत्तावीस श्वास

सामायिक दोन घटिकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. लहान मुलं असलेल्या बाईला रोज सलग ४८ मिनिटं कुठून मिळायची? मला मिळत नाहीत. म्हणून मी सामायिक सोडूनच दिलं होतं, आणि सोडल्याचीही रुखरुख होती.

पण कायोत्सर्ग तर आपण सगळ्याच जणी करतो. मंदिरात, पूजेच्या शेवटी, नऊ वेळा णमोकार. किती वेळात करतो? मी एकदा मोजलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. ओठ हलत होते आणि डोळे चपला कुठे काढल्या ते शोधत होते.

खरी रीत अशी की एक णमोकार तीन श्वासोच्छ्वासांत म्हणायचा. पहिली दोन पदं एका श्वासोच्छ्वासात, एक आत घेताना आणि एक सोडताना. पुढची दोन दुसऱ्यात. शेवटचं पद तिसऱ्यात, निम्मं घेताना, निम्मं सोडताना. नऊ णमोकार म्हणजे सत्तावीस श्वासोच्छ्वास. घाई न करता केलं तर साडेचार-पाच मिनिटं लागतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. असं म्हणताना ते आपोआप सहाच्या आसपास येतात.

यावर एक वाचलेली गोष्ट सांगते. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता. त्यांनी २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि हृदयाची लय व रक्तदाब यांच्या नियंत्रणावर त्याचा चांगला परिणाम दिसला. त्यात णमोकार नव्हता, म्हणून 'आपला मंत्र विज्ञानाने सिद्ध झाला' असं मी म्हणणार नाही. पण श्वासाला शब्दांची सोबत दिली की शरीर निवतं, हे आपल्या आज्यांना कळलं होतं एवढं नक्की.

मी हे केव्हा करते? घरी आल्यावर स्कूटी लावते आणि अंगणातच, हेल्मेट हातात घेऊन, उभी राहते. कायोत्सर्ग म्हणजे कायेचा मोह सोडणं. मी शाळा सोडते, रस्ता सोडते, आणि मग उंबरा ओलांडते. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय हो, किल्ली हरवली का?" आता विचारत नाहीत. मोबाईल तेव्हाच कपाटात जातो, तो चूल आवरल्यावरच बाहेर येतो. पाच वीसची पाच पंचवीस होतात. वाटलं होतं ती पाच मिनिटं परवडणार नाहीत. पण ती गेली म्हणून एकही भाकरी कमी पडली नाही.

चूल केव्हा विझते

तरीही पंचवीस मिनिटांची धावपळ होतीच. श्वास घेऊन भाकरी लवकर भाजत नाही! एक दिवस सासूबाईंना सगळं सांगितलं, चिऊचं बोलणंसुद्धा. मला वाटलं, म्हणतील, आम्ही नाही का केलं? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी चुलीपाशी चार बाया असायच्या. आणि दिवस मावळला की चूल विझायची. मग मंदिर, शास्त्र ऐकणं, अंगणात बाजेवर पडणं. चूल विझली की बाई मोकळी. तुझी चूल दहापर्यंत विझतच नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम ही मी रोजची शर्यत समजत होते. तो खरं तर बाईची सुट्टी होण्याची वेळ होता. आणि आमच्याकडे काय चालायचं? सूर्यास्ताआधी ताटं. मग दुकानातून नऊला येणाऱ्या यांच्यासाठी दूध तापव. मुलांना काहीतरी दे. उद्याची भाजी निवड. नियम पाळूनही त्याचा विसावा मात्र मी घेतच नव्हते.

मग आम्ही घरात बसून बदल ठरवले. थंडीच्या दिवसांत मुख्य स्वयंपाक सकाळीच. संध्याकाळी साधं जेवण, मुगाच्या डाळीची खिचडी किंवा सकाळीच केलेल्या दशम्या, चटणी, ताक. दुधात भिजवलेली दशमी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, हे मराठवाड्यात सांगायला नकोच. यांचा डबा सकाळीच दुकानात. साडेपाचला तिथेच जेवायचं. आधी हे म्हणाले, "गिऱ्हाईकाच्या वेळी जेवू कसा?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबेल. मुलं थांबून थांबून मोठी होतील." मग काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा नेला.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, पण सूर्य सातला मावळतो, तेव्हा तासभर जास्त मिळतो. तेव्हा ओट्याशी कमीत कमी उभं राहायचं. काकडी, दहीभात, पन्हं, माठातलं गाळलेलं पाणी. तापलेल्या स्वयंपाकघरात तापलेलं डोकं थंड होत नाही.

विठ्ठलानेही जात्याला हात लावला

आपल्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. जनी दळायला बसली की विठ्ठल दळू लागायचा, ही कथा आपण जैन असलो तरी या मातीत सगळ्यांनीच ऐकलेली. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. सासर, माहेर, लेकरं, दुखणी, राग, सगळं त्यांत आहे. जातं गेलं हे बरंच झालं. पाठ मोडणारं काम होतं ते. पण जात्याबरोबर मन मोकळं करायची जागाही गेली, आणि समोर बसून दुसरा हात लावणारी बाईही गेली.

तर मैत्रिणींनो, देवालाही जात्याला हात लावावा लागला, तिथे आपल्या घरच्यांना लावायला काय हरकत? आता भाजी सासूबाई बसून निवडतात. ताटं-पाणी चिऊ घेते. धाकटा चमचे मोजतो आणि रोज एक जास्त आणतो. रविवारी मुलांच्या आंघोळी यांच्याकडे. हे नीट करत नाहीत, कानामागे साबण राहतो. मी बघते आणि गप्प बसते. हेही एक व्रतच आहे, आणि सगळ्यांत अवघड!

शक्तितः

सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्त्याग' आणि 'शक्तितस्तप' अशा दोन भावना आहेत. आपल्या शक्तीप्रमाणे त्याग, आपल्या शक्तीप्रमाणे तप. 'शक्तितः' हा शब्द आचार्यांनी उगाच ठेवलेला नाही. ज्या वर्षी माझं रक्त नऊच्या खाली होतं त्या वर्षी मी दशलक्षणात चार उपवास केले होते, कारण मंडळातल्या बाकीच्यांनी केले होते. यंदा एकाशन केलं, आणि दहाही दिवस कुणावर ओरडायचं नाही असा नियम घेतला. सातव्या दिवशी मोडला. प्रायश्चित्त घेतलं, आठव्या दिवशी पुन्हा धरला.

मैत्रिणींनो, हे सगळं करूनही महिनोन् महिने झोप येत नसेल, कारण नसताना रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो साधा ताण नाही. त्याला णमोकाराबरोबर डॉक्टरही हवेत. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे, तिथे विनामूल्य बोलता येतं. मंदिरात जायला लाज वाटत नाही, तशी तिथे बोलायलाही वाटू नये.

जिंतूरजवळच्या नेमगिरीला तुमच्यापैकी बऱ्याच जणी येऊन गेल्या असतील. गुंफांची दारं इतकी लहान की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि आत ती पार्श्वनाथांची एवढी मोठी मूर्ती, लहानशा दगडावर टेकलेली. क्षमावाणीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे गेलो होतो. चिऊ जमिनीला गाल लावून मूर्तीखाली बघत होती. म्हणाली, "आई, एवढं जड, एवढ्याशा दगडावर?"

तिथेच खाली बसून मी तिची क्षमा मागितली. क्षमावाणीला सगळ्या गावाची मागितली होती, तिची राहिली होती. म्हटलं, "त्या दिवशी तुझी वही बघायची राहिली, आणि मी मारलं. चुकलं माझं." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ती वही संपली आता. नवीन दाखवू?"

आता पुन्हा दिवस लहान होत चालले आहेत. मी अगदी शांत झालेय असं समजू नका. मागच्याच आठवड्यात टायर पंक्चर झालं, घरी यायला उशीर झाला, आणि आल्या आल्या माझा आवाज चढला. तेव्हा चिऊ दारातून म्हणाली, "आई, तुझे नऊ झाले का आज?"

झाले नव्हते. मी परत अंगणात गेले. ती माझ्यामागून आली आणि शेजारी उभी राहिली. सूर्य अजून मावळायचा होता.

तुमच्या घरी चूल केव्हा विझते, नक्की कळवा.

जय जिनेंद्र.